आमची स्पोर्ट्स कार

माझ्याकडे स्पोर्ट्स कार आहे, हे मी पहिल्यांदा सांगितले ते माझ्या व्याह्यांना. तेही त्यांनी आपल्या नव्या गाडीच्या छताची काच तिसऱ्यांदा सरकवून दाखवल्यावर. "कुठली?" त्यांनी विचारले. "इटालियन आहे," मी म्हणालो. यात एका अक्षराचेही खोटे नव्हते. ती १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, तिचा एक दरवाजा आतून उघडत नाही आणि दुसरा बाहेरून बंद होत नाही, एवढा तपशील मी वगळला, इतकेच. सौ. शेजारीच बसली होती. व्याह्यांसमोर ती काही बोलली नाही. पण परत येताना रिक्षात बोलली. (परत येताना आम्ही रिक्षात होतो यावरून आमची गाडी त्या दिवशी कुठे होती, हे सुज्ञ वाचकांनी ओळखले असेलच.)

पण माझे म्हणणे इतिहासाला धरून होते. आता इतिहास म्हटला की सौ. स्वयंपाकघरात जाते आणि चिरंजीव मोबाइलमध्ये जातात. तेव्हा तो तुम्हालाच सांगतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीत कारखान्यांची छपरे उडाली होती आणि पोलादाचा तुटवडा होता. अशा वेळी तुरीन शहरातल्या पिएरो दूसिओ नावाच्या उद्योगपतीला शर्यतीच्या मोटारी काढायची हौस आली. हा गृहस्थ तरुणपणी फुटबॉल खेळलेला. डोंबिवलीत असता तर त्याला चार वडीलधाऱ्यांनी गणपतीच्या देवळात नेऊन समजावले असते. तुरीनमध्ये तसे कोणी भेटले नाही. त्याने फियाट कंपनीतल्या दांते जाकोसा या इंजिनिअरला गाठले आणि जाकोसाने उपाय सांगितला, की नवे काही करायला नको, घरगुती फियाट ११०० चे सुटे भाग घ्यायचे आणि त्यांचीच शर्यतीची गाडी बांधायची. म्हणजे आपल्याकडे ज्याला जुगाड म्हणतात, ते. तिचे नाव सिसितालिया. हिच्याच २०२ नावाच्या मॉडेलला पिनिन फारिनाने असा काही घाट दिला, की १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आठ मोटारी कलावस्तू म्हणून मांडल्या, त्यात ती होती. आणि त्या सुंदरीच्या पोटात काय होते? फियाट ११०० चे इंजिन. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सी.सी.

आता माझ्या गाडीचे बॉनेट उघडा. (दोघे लागतात. एकाने आतली तार ओढायची, दुसऱ्याने वरून गुद्दा मारायचा.) आत काय आहे? ६८ बाय ७५. १०८९ सी.सी. एकाच घराण्यातले. एक शाखा न्यूयॉर्कला संग्रहालयात गेली, एक डोंबिवलीला मानपाडा रोडला आली. आपल्याकडेही एक भाऊ अमेरिकेत असतो आणि एक आईवडिलांजवळ राहतो. म्हणून काही रक्त बदलत नाही.

डोंबिवलीपर्यंत ही शाखा आली कशी, तेही सांगायला हवे. त्याचे श्रेय सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना. या माणसाला जमिनीवर, पाण्यात आणि आकाशात जे जे चालते ते ते इथे बनवायचे होते. १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणला जहाजांचा आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या, पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. तिच्या गोलमटोल पाठीमुळे आपल्या लोकांनी तिचे बारसे 'डुक्कर फियाट' असे केले. इटालियन लोक तिला 'मिल्लेचेंतो' म्हणत, म्हणजे अकराशे. फियाटचा परवाना संपल्यावर तिचे नाव आधी प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी. डुक्कर ते राणी पद्मिनी हा प्रवास वीस वर्षांत एकाही पुढाऱ्याला जमलेला नाही. अर्थात आमच्या घरात ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. सासरचे नाव काहीही ठेवा, माहेरी हाक मारायची तीच मारतात.

आमच्या वडिलांनी ती बुक केली १९७२ साली आणि मिळाली १९७९ साली. आजच्या मुलांना हे सांगितले की त्यांना वाटते मी आकडा चुकलो. मधल्या सात वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले, झाले, तिला दोन मुले झाली, आणि "भाऊजी, वऱ्हाडाला गाडी असेल ना?" असे विचारणारे आमचे मेहुणे बारशालाही रेल्वेनेच आले. गाडी आली त्या दिवशी वडिलांनी दोन गोष्टी केल्या. गाडीला हार घातला, आणि दोनशे पानांची एक वही आणून तिच्यावर 'वाहन' असे लिहिले.

ती वही हे या इतिहासाचे अस्सल साधन आहे. वडील सरकारी कचेरीत होते, त्यामुळे नोंदी थोडक्यात. "ता. ९. कल्याणच्या दुर्गाडीपाशी थांबली. ता. ९. चालली. कारण समजले नाही." "ता. २३. प्लग साफ केले. फरक नाही. पुन्हा केले. फरक नाही. सौ. म्हणाली राहू द्या. राहू दिले. चालली." पुढे माझे हस्ताक्षर सुरू होते आणि नोंदी लांबतात, दुरुस्त्यांची संख्या मात्र तेवढीच राहते.

वहीत सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे 'मिस्त्रीकाका'. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. प्रीमियरमध्ये फिटर होते. आधी कुर्ल्याला, मग आमच्या शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात. वडील गाडीत बसून किल्ली फिरवत, आणि काका खिडकीत चहा पिता पिता आवाज ऐकून वरूनच निदान सांगत. "कार्बोरेटरला कचरा आलाय," किंवा "दोन नंबरचा प्लग बघा." त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतला. वडील गेले त्या वर्षी त्यांनी मला खाली बोलावून एक पाना हातात दिला आणि म्हणाले, "आता तू शिक. मी काय जन्मभर पुरणार नाही."

मी शिकलो. म्हणजे काय झाले, ते वहीत आहे.

पहिला धडा स्वयंपाकघरात झाला. रेडिएटर ठिबकू लागला की त्यात हळद टाकायची. पाण्याबरोबर ती फिरते, भेगेत जाऊन बसते आणि बारीक गळती बुजते. हे मी काकांकडून ऐकले आणि दोन चमचे सांगितले होते तिथे अर्धा डबा टाकला. गळती थांबली. पाणी फिरायचेही थांबले. गाडीच्या तोंडातून पिवळी वाफ येऊ लागली आणि चौकभर आमटीचा वास सुटला. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर तिथे कपडे धुण्याचा साबण घासून दाबायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून मिस्त्रीकडे पोचेपर्यंत टिकतो. हा उपाय मी बरोबर केला. फक्त साबण चुकला. सौ.चा चंदनाचा साबण होता. आजही तो विषय निघाला की मी गॅलरीत जातो.

दुसरा धडा ठाण्याला मावसभावाच्या लग्नाला जाताना. मे महिना, शीळफाट्यावरून मुंब्य्राचा डोंगर डाव्या... की उजव्या हाताला ठेवून आम्ही निघालो होतो. (रस्ता मला नीट आठवत नाही. मी अर्धा वेळ बॉनेटखालीच होतो.) चढावर गाडी दोनदा उचकली आणि बंद पडली. टाकीत पेट्रोल भरपूर, प्लगला ठिणगी झकास, आणि गाडी मात्र ढिम्म. याला व्हेपर लॉक म्हणतात. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटून बसलेला. इंजिन तापले की पंप तापतो आणि पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ढकलायची सवय. वाफ म्हटली की तो नुसता तोंड हलवत बसतो. पुष्कळदा आपलेही असेच होते. उपाय म्हणजे पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे गप्प बसायचे. फडके होते. पाणी होते. गप्प बसण्याची तयारी गाडीतल्या पाचांपैकी एकाचीही नव्हती. आत्या म्हणाली, दृष्ट लागली असेल. मी फडके ओले करून ठेवले, तिने त्यावरून मीठ-मोहरी ओवाळली, आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून आत्याकडे पुष्कळ फियाटवाले येऊ लागले.

तिसरा धडा पॉइंटचा. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन इवलेसे संपर्क असतात, ते दर वेळी उघडतात आणि ठिणगी पडते. ते किती उघडावेत याला माप असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. मोजायला पोलादी पट्ट्या मिळतात. काका म्हणाले, "पट्ट्या कशाला? जाडशी लग्नपत्रिका आण." मी आमच्या घरातल्या सगळ्या लग्नपत्रिका लावून पाहिल्या. माझ्या लग्नाची फार पातळ निघाली. (सासऱ्यांनी काटकसर केली होती, हे तीस वर्षांनी उघडकीस आले.) मेहुण्याच्या साखरपुड्याची नेमकी बसली.

सुट्या भागांचे मात्र दिवसेंदिवस कठीण होत गेले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात प्यूजो कंपनीशी भागीदारी होऊन फ्रेंच गाडी निघू लागली होती. १९९७ साली प्यूजो परत गेली. काकांच्या घरी त्या दिवसांत दारे लवकर बंद होत. मीही त्या वर्षी गाडीचा आवाज ऐकायला त्यांना बोलावले नाही. एक दिवस तेच वर आले. म्हणाले, "तुझा टॅपेट वाजतोय रे, झोप येत नाही." टॅपेट लावताना आम्ही दोघेही गाडीशिवाय काही बोललो नाही. तीन तास लागले. अर्ध्या तासाचे काम होते.

मग भागांसाठी कुर्ल्याच्या भंगारबाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे तोपर्यंत टॅक्सीवाले होते म्हणून भागही होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी एकमेकींच्या अवयवांवर जगत होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २००३ साली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. हळहळणाऱ्यांत मागच्या सीटवर घाम गाळून शिव्या घालणारेही होते. मी मात्र मनापासून हळहळलो, कारण माझ्या क्लच प्लेटचा पुरवठा बंद झाला.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा यांना ते मानवत नाही. मऊ पडतात, फुगतात. काकांनी नळी हुंगून पाहिली. "तुझे वडील सुपारी खात नव्हते आणि गाडीला तू दारू पाजतोस," म्हणाले. इथेनॉल येते उसातून. वालचंदांनी मोटारींच्या आधी रावळगावला आणि वालचंदनगरला साखर कारखाने काढले होते. एका माणसाने काढलेले दोन धंदे ऐंशी वर्षांनी माझ्या कार्बोरेटरमध्ये एकमेकांना भेटले आणि त्यांचे पटले नाही.

या सगळ्यावर चिरंजीवांनी यंदा तोडगा काढला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. या खेपेची मुदत जवळ आली होती. "बाबा, स्क्रॅपला द्या. नव्या गाडीवर सूट मिळते," असे म्हणून त्याने एका भंगारवाल्याचे कार्ड माझ्या खिशात घातले. छान जाड, चकचकीत कार्ड. मी काही बोललो नाही. माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. डावा गुडघा मलाही दुखतो, आणि बॉनेटखाली वाकल्यावर सरळ व्हायला आता धक्का लागतो, गाडीसारखाच.

जुलैमध्ये काकांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. ज्येष्ठ नागरिक संघाने शाल-श्रीफळ दिले. दुसऱ्या दिवशी ते ती शाल पांघरून दारात उभे. "मला एकदा कंपनीकडं ने. तुझ्या गाडीतनं."

"काका, पाऊस आहे. आणि तिथं आता कंपनी नाहीये."

"मला माहितीये नाहीये. मी काय कामाला चाललोय?"

निघालो. शीळ रस्त्यावर मेट्रोचे काम, खड्डे, आणि खड्ड्यांत पाणी. त्यामुळे खड्डा कुठला आणि रस्ता कुठला हे गाडी आपटल्यावर कळे. एका ठिकाणी पाणी बॉनेटखाली गेले, पंख्याने ते सगळीकडे शिंपडले, आणि आमची स्पोर्ट्स कार उभी राहिली. मागून भोंगे सुरू झाले.

इथे मला पुन्हा इटलीत जावे लागेल. पण लगेच परत येतो. १९४७ च्या जूनमध्ये मिल्ले मिल्या नावाची शर्यत झाली. ब्रेशियाहून रोम आणि परत, सुमारे १८०० किलोमीटर, साध्या रस्त्यांवरून. त्यात ताझिओ नुवोलारी नावाचा चोपन्न वर्षांचा, छातीच्या दुखण्याने खंगलेला, दोन तरुण मुलगे गमावलेला माणूस एका उघड्या सिसितालियात बसला. मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून हा त्या अकराशेच्या इंजिनावर पुढे. आणि शेवटी आला पाऊस. पाणी ठिणगीच्या यंत्रणेत गेले, इंजिन बंद पडले, ते पुन्हा चालू करण्यात मोलाची मिनिटे गेली आणि नुवोलारी दुसरा आला. जगातल्या एका थोर मोटारचालकाला जे झाले तेच मला शीळ रस्त्यावर होत होते, हे मी मागच्या डंपरवाल्याला सांगू शकलो असतो. पण त्याचा सूर इतिहास ऐकण्याचा नव्हता.

काकांना गुडघ्यांमुळे उतरता येईना. त्यांनी आडवी काच उघडून सूचना सुरू केल्या. "टोपी काढ. वायरी कुठली कुठं ते आधी बघून ठेव." मी टोपी काढली. बघून ठेवायचे राहिले. टोपीत पाणी. पुसायला फडके नाही, कारण व्हेपर लॉकचे फडके ओलेच असते. काकांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढून खिडकीतून बाहेर दिली.

"अहो काका, नवी आहे!"

"मग कोरडी असेल. पूस."

पुसले. पॉइंट पाहिले, तर खड्ड्यांच्या हिसक्याने त्यांचे माप गेलेले. मेहुण्याचा साखरपुडा घरी राहिला होता. खिसे चाचपले. हाताला लागले ते भंगारवाल्याचे कार्ड. ते पॉइंटमध्ये घातले, तर अगदी मापात. स्क्रू आवळला, कार्ड ओढून काढले. त्यावरचा फोन नंबर ग्रीसमध्ये गेला होता. मग वायरी खोचल्या आणि किल्ली फिरवली. आतून दिवाळीतल्या लक्ष्मीबारसारखा आवाज झाला. रिक्षावाला दोन फूट मागे सरकला.

"क्रम चुकलास," काका आतून म्हणाले. "फायरिंग ऑर्डर काय सांगितली होती तुला?"

"एक, दोन..."

"एक, तीन, चार, दोन! पंचवीस वर्षं सांगतोय. म्हण."

भर पावसात, डंपरच्या उजेडात, अडुसष्टाव्या वर्षी मी पाढे म्हटले. एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन. वायरी बदलल्या. किल्ली फिरवली. इंजिन खोकले, थरथरले आणि लंगडत चालू झाले. मी गाडी पुढे काढणार, तोच काकांनी हात धरला. "थांब. चौथा अजून झोपलाय." आम्ही ऐकत राहिलो. डंपरवाला काहीतरी बोलत होता. अर्ध्या मिनिटाने चौथा उठला आणि आवाज एकसारखा झाला. काकांनी हात सोडला.

त्या भागाला लोक अजून प्रीमियरच म्हणतात. पण गेट नाही, भोंगा नाही, शिफ्ट सुटल्यावरची सायकलींची रांग नाही. उंच उंच इमारती आहेत. एका कमानीपाशी मी गाडी उभी केली. काकांनी डोके खिडकीबाहेर काढून आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहिले, जणू पंचिंगचे घड्याळ कुठल्या बाजूला होते ते आठवत असावेत. छत्री घेऊन एक तरुण वॉचमन आला.

"किसके यहाँ जाना है?"

"किसी के नहीं," काका म्हणाले. "मैं इधर काम करता था."

"कौनसे टॉवर में?"

काकांनी त्याला काही उत्तर दिले नाही. पोरगा वाकून गाडीकडे बघू लागला. त्याने असली गाडी कधी पाहिली नसावी. बॉनेटवर हात ठेवून त्याने विचारले, "ये कौनसी गाड़ी है, बाबा?"

चाळीस वर्षे माझ्या स्पोर्ट्स कारच्या इतिहासाला काका खदाखदा हसत आले होते. त्यांनी ओली शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली.

"स्पोर्ट्स कार है," ते म्हणाले. "इटालियन."

मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "चल, काढ आता. आणि बंद करू नकोस. परत लागायची नाही."